चारवर साठ

ऑटोवर फोटो काढणाऱ्याला आमचे शेट फोटोग्राफर म्हणत नसत, बटनवाला म्हणत. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, जीन्स शिवणाऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. तिथे मी एकोणिसाव्या वर्षी कामाला लागलो. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत, केमिकलच्या कंपनीत. मीही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती, पण ते घरी आले की त्यांच्या कपड्यांना जो वास यायचा तो मला आयुष्यभर नको होता. स्टुडिओतल्या डार्करूममध्ये फोटो पक्का करायच्या हायपोचा वास नाकात बसला तो बसलाच, आणि वडील मग मला त्यावरून हसायचे.

शेट सिंधी, अंगाने भारी, जिभेने त्याहून भारी. पहिल्या आठवड्यात त्यांनी एवढंच शिकवलं की कॅमेऱ्यात उजेड सोडायच्या दोन चाव्या असतात. भिंगातलं छिद्र किती उघडायचं ही एक, आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ही दुसरी. दोन्ही आकडे आपण आपल्या नजरेने लावले तर ते मॅन्युअल. कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडले तर ऑटो.

"मशीन को सब एक समान है, साईं," शेट म्हणायचे. "कोयला रखो, बरफ रखो, दोनों को बीच का बना देगी."

ते खरं होतं. ऑटोवर काळी म्हैस राखाडी येते आणि पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी मळकट. जगातलं सगळं मध्यम उजेडाचं असणार असं कॅमेरा धरून चालतो, आणि नसेल तर करून टाकतो. मी हे ऐकलं, पाठ केलं, पुढे दोन-तीन जणांना रुबाबात शिकवलंही. शहाणपण दुसऱ्याला शिकवायला फार सोपं असतं.

लग्न झाल्यावर आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायला आलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. पावसाळ्यात नदी तळमजल्यात मुक्कामाला यायची, म्हणून आम्ही आपले वरती. बाहेरच्या खोलीला उत्तरेची खिडकी आणि खिडकीशेजारी एक मोकळी भिंत. त्या भिंतीला बायकोने हिरवा रंग लावून घेतला. "तोंडल्याचा हिरवा," असं तिने रंगाऱ्याला सांगितलं आणि त्याला तो बरोबर कळला.

पहिली दिवाळी आली. पाडव्याला सकाळी तिने मला ओवाळलं, आणि ताटात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. मी म्हटलं, थांब. तिला तिथेच, त्या हिरव्या भिंतीपुढे स्टुलावर बसवलं, हातात निरांजनाचं ताट तसंच राहू दिलं आणि एक फोटो काढला. तो धुऊन चार दिवसांनी आणून ताटात ठेवला. ती म्हणाली, "शिळी ओवाळणी." पण तिने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आणि पुढच्या पाडव्याला स्वतःच स्टूल आणून ठेवलं.

तेव्हापासून ती आमच्या घरची रीतच झाली. बाकीच्या बायकांना पाडव्याला साडी किंवा कानातलं मिळायचं, हिला फोटो. साडेआठची वेळ, तीच भिंत, तेच स्टूल, तेवढंच अंतर. रोल चारशेच्या वेगाचा, छिद्र चारवर, शटर एका सेकंदाचा साठावा भाग. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट येत नाही, त्यामुळे उजेड दरवर्षी जवळपास तोच. आकडे बदलायची गरज कधी पडली नाही. पाडव्याला मी कॅमेरा हातात घेतला की ती विचारायची, "लावलं का चारवर साठ?" हळूहळू तिने ते शब्द दुसरीकडेही वापरायला सुरुवात केली. शेजारीण विचारायची, काय चाललंय, तर ही म्हणायची, "आमचं चारवर साठ." म्हणजे आहे तसं, ठीक. मुलगी झाली, मोठी झाली, शाळेतून आली की तीही दारातूनच ओरडायची, "चारवर साठ." म्हणजे परीक्षा बरी गेली, अजून खोलात जाऊ नका.

भिंतीला मी दुसऱ्यांदा रंग लावू दिला नाही. बाकीचं घर दोनदा रंगवलं, ती भिंत तेवढी सोडली. दरवर्षीच्या फोटोत मागे तोच रंग हवा, हा माझा हट्ट. बायको म्हणायची, पाहुणे काय म्हणतील. मी म्हणायचो, पाहुण्यांना त्या भिंतीकडे पाठ करून बसव.

शेटनी पुढे दुकान आवरलं, आणि मी बदलापुरात स्वतःचं टाकलं. रोल गेले, डिजिटल आलं. मी डिजिटलवरही मॅन्युअलच चालवायचो. एकविसाव्या शतकात हा माणूस अजून बोटं मोजत बसतो, असं बाकीचे फोटोग्राफर म्हणत असणार, आणि त्याचा मला अभिमानच होता.

तो अभिमान एका लग्नात उतरला. बदलापूरच्या पुढे एका गावात आगऱ्यांकडचं लग्न होतं. नवरा मुलगा भर उन्हातून मांडवात आला. बाहेर मी उन्हाचे आकडे लावलेले, आणि आत गेल्यावर ते बदलायचे विसरलो. माझं वय पन्नाशीपार, सकाळपासून उभा, पोटात काही नाही. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. मंगलाष्टकं, अक्षता, अंतरपाट, सगळं काळंकुट्ट आलं. कॉम्प्युटरवर उजळून थोडं वाचवलं, पण अक्षतांच्या फोटोत नवरीचं तोंड राखेतून काढल्यासारखं दिसत होतं. नवऱ्याचा मामा दुकानात आला आणि अल्बम माझ्यापुढे टाकून शांतपणे म्हणाला, "क्यामेरा आंधला हाय का तू आंधला हाय, येवरा सांग."

त्यानंतर महिनाभर मी प्रत्येक फोटोआधी आकडे तीन-तीनदा तपासायचो. शेवटी मुलीनेच नवा कॅमेरा घ्यायला लावला. तो माणसाचा चेहरा ओळखायचा. चेहऱ्याभोवती छोटी चौकट यायची आणि त्या चेहऱ्याला जेवढा उजेड हवा तेवढा तो स्वतः सोडायचा. मागचं काहीही होवो, चेहरा बरोबर. "बाबा, ऑटोवर टाका आणि निवांत जेवा," मुलगी म्हणाली.

मी ऑटोवर टाकलं आणि खरंच निवांत जेवलो. मला ऑटोची निंदा करायची नाही. त्याने माझं दुकान वाचवलं. ऊन असो, मांडव असो, हळदीचे दिवे असोत, एक चेहरा वाया गेला नाही. शेट आता या जगात नाहीत. असते तर त्यांनी मला बटनवाला म्हटलं असतं आणि मी ऐकून घेतलं असतं.

चूक मी दुसरीकडेच केली. त्या वर्षी पाडव्याला बायकोने स्टूल ठेवलं, ताट घेऊन बसली आणि सवयीप्रमाणे म्हणाली, "लावलं का चारवर साठ?" कॅमेरा आदल्या दिवशीच्या कामापासून ऑटोवरच होता. मॅन्युअलची चकती फिरवायला एक सेकंद लागला असता. मी "हो" म्हटलं आणि बटन दाबलं. फोटो छान आला. मग पुढच्या वर्षीही तेच केलं, त्याच्या पुढच्याही. चार पाडवे झाले. प्रत्येक वेळी तिने विचारलं आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं. इतक्या बारीक गोष्टीत खोटं बोलतोय असंही मला वाटलं नाही.

त्या चार वर्षांत ती थकायला लागली. जिना चढला की दम लागायचा. संध्याकाळी पायांवर सूज यायची, बोट दाबलं की खळगा राहायचा. अंगाला खाज सुटायची. मी म्हणायचो, उभं राहून स्वयंपाक कमी कर, साबण बदल. आमच्या घरात औषध सांगायला डॉक्टर लागत नाही, प्रत्येक जण थोडा थोडा असतोच. आणि ती स्वतःही दवाखान्याचं नाव काढलं की बाई कामावर आली नाही, गॅस यायचाय, असं काहीतरी पुढे करायची.

मग एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून ती गप्प गप्प परत आली. वाणाची वाटी ओट्यावर ठेवली आणि मला म्हणाली, "अहो, मी काळवंडलेय का हो? तिघी जणी म्हणाल्या. एक म्हणाली, चेहऱ्यावरचं पाणीच गेलं."

मी तेव्हा दुकानाच्या कामात होतो. मान वर करून तिच्याकडे पाहिलं असं मला आठवत नाही. मी मोबाइलवर नुकताच काढलेला पाडव्याचा फोटो उघडला, त्याच्या शेजारी आदल्या वर्षीचा लावला आणि तिच्यापुढे धरला. "बघ. आहे का काही फरक? आहे तशीच आहेस. बायकांना काय, उखाणे संपले की दुसऱ्याचं तोंड बघतात."

तिने दोन्ही फोटो नीट पाहिले. चष्मा लावून पाहिले. "खरंच की," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्यानंतर कोणी काही म्हटलं तर ती स्वतःच फोटो दाखवायची. आमच्या ह्यांनी काढलाय, कॅमेरा खोटं बोलत नाही, असं सांगायची. मी हे दोनदा माझ्या कानांनी ऐकलंय.

पुढच्या वर्षी, दिवाळी होऊन दीड महिना झाला असेल, ती सकाळी उलट्या करत बाथरूममध्ये बसून राहिली, उठेचना. रिक्षा करून उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात नेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या आकसून गेल्या होत्या. डॉक्टर तरुण होते, बोलणं सरळ. त्यांनी विचारलं, "चेहऱ्याचा रंग असा गडद कधीपासून झाला? ही एका महिन्याची गोष्ट नाही."

मी म्हटलं, "रंग तर तसाच आहे." ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी तिच्याकडे पाहिलं. पांढऱ्या उशीवर तिचं डोकं होतं, आणि माझ्या बायकोचा चेहरा शिळ्या चहासारखा झाला होता. डोळ्यांखाली, ओठांभोवती, सगळीकडे. त्या दिवशी मला तो दिसला. घरात रोज समोर होती, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी माझ्या घरात चार वर्षं पाळला होता.

ती दाखल होती तेव्हा तिचे कपडे आणायला मी घरी आलो, आणि डॉक्टरांना उत्तर द्यायचं म्हणून पाडव्याचे सगळे फोटो जमिनीवर ओळीने मांडले. सव्वीस फोटो होते. जुन्या बावीसांत ती वयाप्रमाणे बदलत गेली होती. कधी बारीक, कधी बाळंतपणानंतर भरलेली, एका वर्षी उन्हाने रापलेली, कारण त्या वर्षी आम्ही कोकणात सासऱ्यांच्या घराचं काम काढलं होतं. शेवटच्या चारांत मात्र चेहरा एकच. अगदी एकच. मला बरं वाटलं, खरंच वाटलं. म्हटलं डॉक्टरांना काय कळतं.

मग भिंत दिसली. शेवटच्या चार फोटोंत मागची भिंत उजळत गेली होती. पहिल्यात तोंडल्याची, दुसऱ्यात जरा फिकट, चौथ्यात पिस्त्याच्या बर्फीसारखी. मी मान वर करून खऱ्या भिंतीकडे पाहिलं. ती होती तशीच होती, उलट धुराने आणि हातांनी थोडी मळलेलीच. जुना रंग कधी उजळत नाही.

कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत आपले आकडे लिहून ठेवतो. मी कॉम्प्युटर लावला आणि ते काढले. छिद्र चारही वर्षं तेच. शटर पहिल्या वर्षी साठावा भाग, मग पन्नासावा, पुन्हा पन्नासावा, आणि शेवटी चाळिसावा. म्हणजे तिचा चेहरा काळवंडत गेला होता आणि कॅमेरा तसतसं जास्त वेळ शटर उघडं ठेवून तो पुन्हा मध्यमावर आणत होता. तेवढा जास्तीचा उजेड भिंतीवरही पडत होता, आणि भिंतीला आजार नव्हता, म्हणून ती उजळत होती.

मी स्वतःशी वाद घालून पाहिला. म्हटलं, त्या सकाळी ढग असतील. पण ढग असते तर भिंतही तिच्याबरोबर काळवंडली असती, आणि कॅमेऱ्याने सोडलेला जास्तीचा उजेड दोघींना सारखाच मिळून फोटोत भिंत जिथल्या तिथे राहिली असती. त्या खोलीत वर्षानुवर्षं उजेड बदलत नव्हता, भिंत बदलत नव्हती, स्टूल बदलत नव्हतं. बदलणारी तिथे एकच वस्तू होती, ती माझी बायको. नेमकं तिच्याचसाठी मी ऑटो लावलं होतं. चारवर साठ ठेवलं असतं तर दुसऱ्या वर्षीच, निदान तिसऱ्या, फोटोत चेहरा काळसर आला असता. मी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या असत्या, पुन्हा काढला असता, पुन्हा काळा आला असता, आणि मग मी कॅमेरा बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलं असतं.

डॉक्टरांना मी फक्त एवढंच विचारलं, की दोन-तीन वर्षं आधी आलो असतो तर. ते म्हणाले, "तेव्हा गोळ्यांवर पुष्कळ दिवस लांबवता आलं असतं." त्यांनी ते सहज सांगितलं. त्यांची काही चूक नाही. विचारायला मीच गेलो होतो.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी रिक्षाने जायचं, चार तास ती खुर्चीत, मी बाहेरच्या बाकावर. माझी किडनी चालत नाही, मला साखर आहे. मुलगी द्यायला तयार होती. बायकोने तिला असं झापलं की पोरगी आठ दिवस रडत होती आणि तो विषय बंद झाला. किडनी मिळायच्या यादीत नाव लावलंय. यादीबद्दल तिथे येणाऱ्या कुणाला काही विचारलं तर ते खालीच बघतात, म्हणून आता मी विचारत नाही.

भिंतीचं मी तिला सहा महिने सांगितलं नाही. मग एका बुधवारी ती खुर्चीत पडली असताना न राहवून सगळं सांगितलं. आकडे, शटर, पिस्त्याचा रंग, संक्रांतीला मी मोबाइल पुढे धरला होता ते. मला वाटलं ती रडेल, किंवा मला चार शब्द सुनावेल. मला ते हवंच होतं. ती नळीकडे बघत ऐकत राहिली.

"म्हणजे भिंतीला कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही."

"नाही कळलं."

"मला तरी कुठे कळलं. मी आरशापेक्षा तुमच्या फोटोवर जास्त विश्वास ठेवला." तिने मोकळ्या हाताने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाली, "बाकावर बसून कंबर धरत असेल तुमची. उशी आणत जा घरून."

मागच्या पाडव्याला तिने ओवाळलं. ताट धरायला डावा हात चालत नाही, त्याच हाताला सुया टोचतात, म्हणून मुलीने खालून आधार दिला. स्टूल मी ठेवलं. या वेळी तिने काही विचारलं नाही. मी चकती मॅन्युअलवर नेली, छिद्र चारवर, शटर साठ, आणि फोटो काढला. भिंत तोंडल्यासारखी आली. त्यापुढे एक काळसर, सुजलेली बाई ताट घेऊन बसली होती. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात खरा फोटो असेल, आणि मला तो कॅमेऱ्यासकट खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

तिने हात पुढे केला. मी दाखवला. ती तो मोठा करून बघत राहिली.

"हा नको," ती म्हणाली.

"नको तर नको. पुसून टाकतो."

"पुसू नका, राहू दे. पण हाराला हा नको." आमच्या दुकानात अर्धं काम तेच असतं, गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून फ्रेम करायचा. ते बोलणं तिच्या तोंडी नवीन नव्हतं, पण स्वतःबद्दल तिने ते पहिल्यांदाच काढलं होतं. "त्या चारांतला शेवटचा घ्या. चेहरा चांगला आलाय त्यात, आणि भिंतही छान दिसते. पोरीच्या लक्षात तो राहू दे."

मी म्हटलं, तो खोटा आहे. ती म्हणाली, "असू दे की. एवढी वर्षं मी तोच खरा समजून चालले ना." मुलगी उठून आत गेली.

दोन आठवडे मी टाळाटाळ केली. ती प्रत्येक बुधवारी विचारायची, झाला का. शेवटी मी तो बारा बाय अठराचा काढला, साधी तपकिरी फ्रेम घातली आणि कागदात गुंडाळून घरी नेला. तिने कागद सोडला, फोटो मांडीवर घेऊन पाहिला. काचेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. ते तिने पदराने पुसले, कागद पुन्हा नीट गुंडाळला, आणि कपाटात वरच्या कप्प्यात, मुलीचा हात सहज पोचेल अशा जागी ठेवायला सांगितला.